आगळ घातलेली तेरियाकी

मी गाव सोडलं तेव्हा आई अंगणात कोकमं वाळत घालत होती. माझी पत्र्याची पेटी भावाने उचलून रस्त्यापर्यंत नेली होती. मी वाकून आईच्या पाया पडले. तिचे हात कोकमाच्या रसाने लालभडक झालेले, म्हणून तिने कोपरानेच माझी पाठ थोपटल्यासारखं केलं आणि म्हणाली, "जा बाय, गाडी चुकतली." एवढंच. एसटीच्या खिडकीतून मी मान लांब करून पाहिलं, तर ती पुन्हा कोकमांवर वाकलेली होती.

पुढे भावाला गोव्यात नोकरी लागली, तेव्हा हीच आई जेवण टाकून दारात बसली. "तू गेलंस तर माका बघतलो कोण?" म्हणाली. तो राहिला. घर त्याचं झालं, माडही त्याचे झाले. गावी राहिलेल्यांना वाटतं, मला त्या माडांचा राग आहे. माझ्यासारखे जे निघून आले, ते तरी समजून घेतील. माडांचं काय घेऊन बसायचं! त्याला थांब म्हणायला आईला तोंड होतं, मला म्हणायला नव्हतं, हा माझा राग आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. राग आहे तिथेच आहे.

मुलुंडला आले ती एका नातेवाइकांकडे पोळ्या लाटायला. मग लग्न झालं. रुपाली पाळण्यात असतानाच नवरा गेला आणि मग डबे सुरू केले. या उपनगरात मला कुणी काही दिलं नाही. जे आहे ते मी भांडून घेतलं. भाजीवाल्याशी भांडले, गॅसवाल्याशी भांडले, माझ्या फोडणीचा वास येतो म्हणणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी तर जिन्यात उभी राहून भांडले. आज स्टेशनजवळ माझं स्वतःचं घर आहे, स्वयंपाकघरात चार शेगड्या आहेत. भाव करताना मी आधी निघून जायला वळते. समोरचा हाक मारतोच.

रुपालीने मात्र मला भाव करायला जागाच ठेवली नाही. ठाण्याला जपानी शिकायला जायची, मला वाटलं हौस आहे. एक दिवस ताटावर बसून म्हणाली, "आई, तिकीट झालंय." जपानमधल्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी. मी इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरची वर आली. आपली म्हातारी इथे सोडून परक्यांच्या म्हाताऱ्या न्हाऊ घालायला चालली! आधी का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणाली, "तू थांबवलं असतंस ना."

थांबवलं असतंच. मी काय माझ्या आईसारखी आहे?

नोकरीचा करार संपत आला तेव्हा ती सुट्टीवर आली. तो पुढे वाढवायचा की नाही, हे ठरायचं होतं. या वेळी मी तयारीत होते. व्हिडिओ कॉलवर ती सारखी सांगायची, तिथलं जेवण आता अंगवळणी पडलंय, तेरियाकी मासे, म्हणजे गोडसर सोया सॉस लावलेले, तर रोज दिले तरी खाईन. मी म्हटलं, एका सॉसपायी लेक जाते की काय? सॉस तर सॉस, मी घरी करते.

मोबाईलवर पाहून घेतलं. सोया सॉस, साखर, आलं, लसूण आणि मिरिन नावाची तांदळाची गोड दारू. मिरिन शोधायला मॉलमध्ये गेले. एवढ्याशा बाटलीचा भाव ऐकून मी सवयीने वळले. कुणी हाक मारली नाही. काउंटरवरची पोरगी मोबाईल बघत बसली होती. मग घरी येऊन डोकं चालवलं. गोडीला गूळ, दाट करायला तांदळाची पिठी, आणि मिरिनच्या जागी गावाहून येणारं आगळ. कोकमाचा तो मुरलेला रस. रंग सुंदर, आंबटपणा आयता. सगळं आटवलं, तर असा काळा-तांबूस, चकाकता सॉस झाला की सुरमईच्या तुकड्यांवर आरशासारखा बसला.

आता एक सांगते. आमच्याकडे दुसऱ्यासाठी रांधलेलं आधी चाखत नाहीत. उष्टं होतं. वाफेचा वास घेऊन मीठ ओळखायचं. हजारो डबे मी असेच भरले, कधी चुकले नाही. पण सोया सॉसच्या वासाची माझ्या नाकाला ओळख नव्हती, आणि तो स्वतःच मीठ घेऊन येतो. आगळही मिठातच मुरतं, हे माझ्या हाताला इतकं पाठ की डोक्याच्या लक्षातच राहिलं नाही. वरून सवयीने चिमूटभर मीठ टाकलंच.

रुपालीने पहिला घास घेतला. चावला. गिळला. पाणी प्यायली. मग भात कालवून दुसरा घास घेतला. मी समोर उभी, कंबरेवर हात.

"कसं झालंय?"

"मस्त."

तिचे डोळे पाण्याने भरलेले पाहून मी तिच्या ताटातला तुकडा उचलून तोंडात टाकला.

"अगं बया! हे काय? मिठागर!"

"आई, तू यात आगळ घातलंस?" ती हसायला लागली. "तेरियाकीत आगळ! वाट लागली तेरियाकीची."

"मग गिळत कशाला बसलीस? तोंड नव्हतं सांगायला?"

"सांगितलं असतं तर ओरडली असतीस."

दोघी हसलो. खूप दिवसांनी त्या घरात दोन माणसं एकदम हसली. मला वाटलं, हीच वेळ आहे. म्हटलं, डब्यांचा धंदा तुझ्या नावावर करते. ती मान खाली घालून भात चिवडत राहिली. म्हटलं, मधली खोली तुझी, मी बाहेर झोपेन. तिने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. म्हटलं, लग्नाचं नाव काढणार नाही. मी माझ्या बाजूने एकेक वाढवत गेले. आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने काही मागितलेलं नसताना वाढवत गेले.

शेवटी ती म्हणाली, "आई, भाव नको ना करू. मला काही कमी पडतंय म्हणून नाही जात मी."

"मग कशाला जातेस मरायला?"

"मला तिथे झोप लागते गं."

रागाने म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती हळू म्हणाली, माझीच काळजी वाटल्यासारखी. माझ्या घरात पहाटेपासून भांडी आदळतात, चार शेगड्या पेटतात, फोन वाजतात, आणि या सगळ्यावर माझा आवाज असतो. हळू बोलणाऱ्या बाईला या शहरात कुणी चार शेगड्या ठेवू दिल्या असत्या? त्या आवाजावरच ती वाढली. हे सगळं तोंडापर्यंत आलं. पण ती उष्टी भांडी उचलून आत गेली होती.

ती गेली. करार वाढला. सॉस मी नंतर नीट जमवला, आगळाच्या जागी थोडं व्हिनेगर घालून. आता बुधवारच्या डब्यात तेरियाकी असते, नव्या टॉवरमधली पोरं आवडीने मागवतात. दुःख वेगळं, धंदा वेगळा.

रात्रपाळी संपवून ती खोलीवर जाते, जेवते आणि मला फोन लावते. तेव्हा इथे सकाळ असते, डबे भरायची घाई असते. परवा बोलता बोलता तिची मान उशीवर कलली. फोन तसाच उभा होता. तोंड थोडं उघडं, केस गालावर आलेले. लहानपणी झोपायची तशीच. मी मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. कुकर शिट्टीला आला होता, गॅस बंद केला. पोळ्या लाटणाऱ्या मंदाला बोटाने खूण केली. खाली भंगारवाला ओरडत होता, खिडकी लावून घेतली.

"ताई, आज तुमचा आवाज कुठे गेला?" मंदा कुजबुजली.

"गप बस. पोरगी झोपलीये."

तिने मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं आणि पोळपाटाखाली फडकं घातलं. आम्ही दोघी चोरासारख्या काम करत राहिलो. घर म्हणजे काय असं आता कुणी विचारलं तर मला गाव आठवत नाही, आणि भांडून मिळवलेल्या या भिंतीही आठवत नाहीत. तिला झोप लागलेली असते आणि मी आवाज करत नाही, तेवढंच.

डब्यांना उशीर होत होता. मंदा दोनदा घड्याळाकडे बघून माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली, थांब. मग तिकडे तिच्या फोनची बॅटरी संपली असावी. पडदा काळा झाला. मी जाऊन खिडकी उघडली, आणि मंदाला म्हटलं, "लाव कुकर."