नैवेद्याआधीची गोळी

संध्यानं आमटीला फोडणी दिली, की तिच्या पोटातही आग पडायची. औरंगपुऱ्यातल्या त्या घरात देवाआधी कुणी घास घ्यायचा नाही आणि स्वयंपाक करणारीनं तर चवीलाही काही जिभेवर ठेवायचं नाही, अशी रीत. नवरा नोकरीपायी जालन्याला. घरात ती आणि सासरे अनंतराव. पूर्वी त्यांची पूजा लवकर आटपायची. आता दुपार होते.

"गोळी घेताय ना काकू?" दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घेते की. जेवण झालं रे झालं की."

"अहो, जेवणाआधी अर्धा तास सांगितली होती!"

"नैवेद्याआधी पोटात काही कसं घालू?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "वास नाकात गेला की मेंदू पोटाला कळवतो, जेवण येतंय. पोट आम्ल सोडायला लागतं. घास आला तर ते त्याच्या कामी येतं. आम्ल फार झालं तर पोट स्वतःच नळ आवळतं. पण तुम्ही लगेच पोळ्या शेकायला घेता, की तो पुन्हा सुटतो! आत जखम झालीय. आणखी खोल गेली तर रक्त जाईल."

घरी येऊन तिनं भीतभीत विषय काढला.

"औषधाला दोष नाही. घे," अनंतराव म्हणाले.

"आणि नाना, आधी नुसता दूधसाखरेचा नैवेद्य दाखवला तर... तेवढा प्रसाद माझ्या पोटात जाईल."

"तुला भूक लागली म्हणून देवानं जेवायची वेळ बदलायची होय?"

विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी नानांचं पूजेतलं स्तोत्र अर्ध्यावर आल्यावर तिनं गोळी घेतली. बरोब्बर वेळ साधली होती. ताट वाढलं, वर तुळशीपत्र ठेवलं. शेवट जवळ आला आणि अनंतराव अडखळले. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू.

पूजा का लांबते, हे तिला कधीचंच कळलं होतं. एकदा ती बोलून गेली होती, "नाना, हे मघाशीच म्हणून झालंय." तेव्हा त्यांचा चेहरा असा काही उतरला, की पुन्हा तिची जीभ रेटली नाही. कुणाला सांगणार? आणि सांगून काय?

ते पुन्हा त्याच ठिकाणी अडले. पोटात जाळ उठला होता. तिनं देवघराच्या दारात येऊन पुढची ओळ हळूच म्हटली. त्यांनी ती उचलली. दोघांचे आवाज चार ओळी बरोबर चालले. आता झालंच, असं तिला वाटलं.

अनंतराव थांबले. मान न वळवता म्हणाले, "मधे बोलून घोळ घातलास. आता पहिल्यापासून घ्यावं लागेल."

त्यांनी घसा खाकरला. संध्यानं ताटावर झाकण ठेवलं आणि पदराखाली पोट दाबून तिथंच बसली. आमटीचा वास झाकणाच्या कडेनं येतच होता.