गिअरताईंचा पेट्रोलचा काटा

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळं गाव गिअरताई म्हणे. एकतीस वर्षं त्या एकाच जुन्या गाडीत डावीकडच्या सीटवर बसून लोकांना क्लच सोडायला शिकवत आल्या होत्या. हळूहळू सोडायचा, झोपलेल्या लेकराच्या डोक्याखालून हात काढावा तसा. हे वाक्य ऐकून शिकलेले लोक आता आपापल्या नातवंडांना शाळेत सोडायला गाड्या चालवत होते.

या गाडीचा पेट्रोलचा काटा नऊ वर्षांपूर्वी तळाला बसला आणि पुन्हा उठला नाही. ताईंनी तो दुरुस्त केला नाही, कारण त्यांना त्याची गरजच नव्हती. गाडी थांबली की त्या दाराला धरून तिला एक झोका द्यायच्या, डोळे मिटायच्या आणि कानोसा घ्यायच्या. मागच्या सीटखाली टाकी होती. भरलेली असली की पेट्रोल जडपणे डुचमळे, अर्धी असली की लाटांसारखं वाजे, संपत आली की तळाशी कुजबुज उरे. ताईंना वाटायचं, आपण पाठीशी एक लहानसं तळं घेऊन हिंडतो आहोत. सिग्नलला उभ्या असल्या तरी ताई त्या तळ्याच्या काठी बसलेल्या असायच्या.

त्या सकाळी शिकायला आलेली नर्सबाई गाडी चढावर नेत होती. गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले.

"पेट्रोलमध्ये कचरा आला असेल," ताई म्हणाल्या.

"मॅडम, पेट्रोल संपलंय," नर्सबाई हळूच म्हणाली. "मी निघताना तीनदा विचारलं तुम्हाला. तुम्ही नुसत्या हसलात."

ताईंनी हँडब्रेक ओढला. निघण्याआधी त्यांनी नेहमीसारखा झोका दिला होता. काहीच ऐकू आलं नव्हतं. टाकी काठोकाठ भरली की आवाज येत नाही, तशीच आज भरलेली असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. गेले कित्येक महिने त्या अशीच समजूत घालत होत्या.

दुपारी डबाभर पेट्रोल ओतून त्यांनी गाडी धाकट्या भावाच्या अंगणात आणली. भावाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद करून चार वर्षं झाली तरी त्याचे हात शांत बसत नव्हते.

"काटा दुरुस्त करून दे," ताई म्हणाल्या.

"नऊ वर्षं मेलाय तो. आजच कशी आठवण आली त्याची?"

"आली. तुला काय करायचंय?"

भावाने वाद घातला नाही. त्याने मागची सीट उचलून भिंतीला टेकवली. खाली टाकीवर एक गोल झाकण होतं आणि त्यातून एक वायर निघालेली. "किल्ली फिरव आणि काट्याकडे बघ," म्हणून त्याने वायर सोडवली आणि तिचं टोक गाडीच्या पत्र्याला लावलं.

उन्हं कलली होती. काचेवर झाडाची सावली हलत होती. काटा आधी थरथरला, मग उठला. घाई नव्हती त्याला. नऊ वर्षांच्या झोपेतून कूस बदलावी तसा तो पाव, अर्धा, पाऊण असा चढत टोकाला गेला. ताई त्याच्याकडे पाहतच राहिल्या. टाकीत जेमतेम डबाभर पेट्रोल आणि काटा म्हणतोय, पोट भरलंय.

भावाने वायर काढली, तेव्हा काटा पुन्हा सावकाश खाली आला.

"म्हणजे काटा शहाणा आहे, वायरही शहाणी आहे," भाऊ म्हणाला. "खोटं बोलतोय तो टाकीतला."

त्याने झाकण सोडवून आतली दांडी बाहेर काढली. तिच्या टोकाला लिंबाएवढा पितळी गोळा होता. पेट्रोलवर तरंगायचं, पातळीबरोबर वर-खाली व्हायचं, एवढंच त्याचं काम. भावाने तो पुसून कानाशी हलवला आणि हसला.

"ऐक," म्हणून त्याने तो ताईंच्या उजव्या कानाशी धरून हलवला.

"हं," ताई म्हणाल्या.

"काय आहे आत?"

"काय असणार? रिकामा आहे."

भावाचं हसू मावळलं. त्याने गोळा त्यांच्या डाव्या कानाशी नेला. तिथे मात्र काहीतरी चुळबुळलं, फार लांब, शेजारच्या घरात कोणी पाणी ओतावं तसं.

"पेट्रोल शिरलंय त्यात," तो म्हणाला. "बुडालाय बिचारा, म्हणून काटा वर येत नाही." मग बायकोला कढत पाणी आणायला हाक मारून तो ताईंकडे वळला, "ताई, कधीपासून?"

त्यांना आधी वाटलं, उडवून लावावं. पण समोर भाऊ होता. जन्मभर खरखरीतून आवाज वेगळा काढलेला माणूस. त्याच्यापुढे कसलं नाटक करणार?

"वर्ष झालं असेल," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं या कानाशी लोकांनी गिअर खरडले. झिजला असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला सांगू? ऐकू न येणाऱ्या बाईकडे गाडी शिकायला कोण येईल?"

तेवढ्यात भावजय कढत पाण्याचं पातेलं घेऊन अंगणात आली. तिने दारातूनच सगळं ऐकलं होतं. पातेलं खाली ठेवून ती एवढंच म्हणाली, "उद्या दहाला आपण दोघी कानाच्या डॉक्टरकडे जातोय. मी वेळ घेते."

आतली हवा तापून भोकातून बाहेर पडावी म्हणून भावाने गोळा पाण्यात बुडवला. तिघंही वाकून बघत बसले. थोड्या वेळाने जोडावरून बुडबुड्यांची एक बारीक माळ निघाली. केसाएवढं भोक. भावाने सुईने खूण केली, भोक थोडं मोठं करून आतलं पेट्रोल थेंबाथेंबाने काढलं आणि गोळा उन्हात ठेवला. "वास पूर्ण गेल्याशिवाय भोकाला तापल्या कथिलाचा डाग द्यायचा नाही," तो म्हणाला. "नाहीतर गोळ्याबरोबर मीही जाईन."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ताईंना काचेच्या खोलीत बसवलं आणि कानावर हेडफोनचा जाड पट्टा चढवला. आवाज आला की बोट वर करायचं होतं. आवाज एकेक करून दूर जात राहिले. डाव्या कानात त्या बराच वेळ त्यांच्यामागे चालत गेल्या. उजव्या कानात रस्ता लवकरच संपला. गेलेलं परत येणार नाही, पण यंत्राने भागेल, असं डॉक्टर म्हणाले. ताईंना रडू येईल असं वाटलं होतं. उलट बऱ्याच दिवसांनी त्यांना हलकं वाटलं.

तिसऱ्या दिवशी भावाने गोळ्याला डाग दिला, पुन्हा पाण्यात बुडवून पाहिला, आणि दांडी टाकीत बसवली. पेट्रोल भरून ताईंनी किल्ली फिरवली. काटा सावकाश वर आला आणि पाऊणच्या जरा पुढे थांबला. या खेपेला तो खरं सांगत होता.

यंत्र यायला पंधरा दिवस लागणार होते. नर्सबाईला त्यांनी स्वतःच फोन केला आणि म्हणाल्या, "मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. जोरात बोलावं लागेल. चालेल का?" पलीकडून नर्सबाई हसली. तिच्या वॉर्डात दिवसभर तेच करावं लागतं, म्हणाली.

फोन ठेवून त्या वळल्या तर भाऊ गाडीत उजवीकडच्या सीटवर बसलेला. घरात गाडी न शिकलेला तो एकटाच होता. पूर्वी दोनदा शिकवायचा प्रयत्न झाला होता आणि दोन्ही वेळा भांडण.

"उतर. काय करतोयस?"

"शिकव मला."

"सत्तावन्नाव्या वर्षी?"

"का, वयाची अट आहे का?" तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत म्हणाला. "तुलाही कधीतरी मागे बसून झोपावंसं वाटेल. तेव्हा कोणीतरी चालवायला हवं."

ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, लहानपणी चोरी पकडली की व्हायचे तसे. त्या वळसा घालून डावीकडे आल्या, बसल्या आणि दार ओढून घेतलं.

"आधी आरसा नीट कर," त्या म्हणाल्या. "आणि जे विचारायचं ते ओरडून विचार."