बर्फ, सुकट आणि तीन पासपोर्ट

बहारीनमध्ये बावीस वर्षं काढलेल्या माणसाने डोंगर चढायला जाऊ नये. इथे चढण म्हणजे फ्लायओव्हर, आणि तोही आपण गाडीतून चढतो.

पण ऑक्टोबरात चार दिवस सुट्टी मिळाली आणि माझा मित्र डॉमनिक (वसईचा, हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, त्यामुळे लोकांची हाडं मोडण्याचं त्याला काही वाटत नाही) म्हणाला, "सुध्या, जॉर्जियाला जाऊ. बर्फाचा डोंगर चढू. यल्ला, चल!"

"अहो, थंडी सोसेल का तुम्हाला?" वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं.

"मला?" मी छाती फुगवली. मी मीना सलमान बंदरावरच्या कोल्ड स्टोरेजमधला माणूस! उणे अठरामध्ये गोठलेल्या कोंबड्या रचून घेतो! (दहा मिनिटं. मग बाहेर येऊन चहा.)

सरावही केला. पंधरा दिवस रोज अमवाजला डॉमनिकच्या बिल्डिंगचे जिने चढलो. चौथ्या मजल्यापर्यंत. पुढे लिफ्ट.

जॉर्जियात आम्ही डोंगराच्या पायथ्याशी एका बाईंच्या घरी उतरलो. वैशाली म्हणाली, "मी व्हरांड्यातूनच बघते तुमचा पराक्रम." तिने डॉमनिकच्या बॅगेत भाकऱ्या आणि सुकटीची चटणी भरली. डॉमनिकने त्यावर तिघांचे पासपोर्ट ठेवले. "खोलीत नको. माणसांचा काय भरवसा?"

निघालो तर घरातला कुत्रा मागे लागला. वासराएवढा!

"बघ, किती इमानी!" मी म्हणालो. "वाट दाखवायला येतोय."

"मग पुढे का नाही चालत? माझ्या पाठीलाच का चिकटलाय?"

"तुझं रक्षण करतोय रे!"

बर्फ घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत आला. तासाभरात माझा श्वास प्रेशर कुकरसारखा वाजू लागला. शेवटी डॉमनिकने फोटो काढायला म्हणून बॅग खाली ठेवली. आमच्या रक्षकाने तिचा पट्टा तोंडात धरला आणि उताराला लागला.

"सुध्या! पासपोर्ट!"

"कुठे?"

"कुत्र्याच्या तोंडात!"

दुसऱ्या दिवशी विमान होतं! तिसऱ्या दिवशी ड्युटी होती! मॅनेजरला काय सांगणार होतो? 'सर, कुत्र्याने रजा वाढवली'? मी धावलो. दोन पावलं पायांवर, तिसरं थेट बुडावर. तिथून जो सुटलो, तो सुटलोच! मला धरायला म्हणून आलेला डॉमनिकही माझ्या मागोमाग.

"ब्रेक मार, ब्रेक!"

"कशाने मारू?"

ब्रेक एका काटेरी झुडपाने मारला. त्यात माझी पँट मागून कामास आली, म्हणजे कामातून गेली. हाडं शाबूत होती, पण उठायला गेलो की पुन्हा घसरून झुडपातच येत होतो. डॉमनिक 'हे मारिये' पुटपुटू लागला. मी वेळणेश्वराला नारळ बोलून टाकला.

तिकडे खाली कुत्रा बॅग घेऊन व्हरांड्यात पोहोचला होता. बॅग आली, नवरा नाही! वैशालीने किंकाळी फोडली. घरमालकीणबाईंना ना मराठी कळे, ना हिंदी. मग वैशालीने हातवारे करून दाखवलं: दोन माणसं, डोंगर, आणि धप्प!

आम्ही झुडपात बसलेलो असताना खालून कुणीतरी येताना दिसलं. ऐंशीच्या घरातल्या आमच्या घरमालकीण आजी, पायात घरातल्या सपाता, हातात काठी, खांद्यावर घोंगडी.

"वाट चुकल्या वाटतं," डॉमनिक हळहळला. "बिचाऱ्या."

त्यांच्या बऱ्याच मागून वैशाली धापा टाकत आली. "अहो! जिवंत आहात ना?"

"पासपोर्ट?"

"कुत्र्याने दिले. चटणी नाही दिली!" मग तिने डोळे पुसले आणि वर पाहिलं. "कुठपर्यंत गेला होतात?"

डॉमनिकने बोटाने जागा दाखवली. वैशालीने ती पाहिली. मग वळून खाली पाहिलं. दोरीवर वाळत घातलेला माझा बनियन स्पष्ट दिसत होता. त्याचं भोकसुद्धा!

"तिथून हाक मारली असतीत तरी ऐकू आली असती!"

तोवर आजींनी घोंगडी माझ्या फाटक्या बाजूला गुंडाळली, माझं मनगट पकडलं आणि चालू लागल्या. मी घसरलो की त्या हिसका देत, बालवाडीतल्या पोराला द्यावा तसा. शेवटपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. डॉमनिकने तेवढ्यात फोटो काढला.

तो फोटो आज मीना सलमानला माझ्या टेबलावर फ्रेम करून ठेवलाय. नवीन माणूस आला की हमखास विचारतो. मग मी चष्मा पुसत शांतपणे सांगतो, "काही नाही हो. एक म्हातारी बर्फात अडकली होती. तिला हाताला धरून खाली आणलं."