लांबच्या ओट्यावरून

पडदा वर जातो तेव्हा समोर फक्त झाडं दिसतात. डावीकडे झाडं, उजवीकडे झाडं, मधे दाराएवढी फट, आणि त्या फटीच्या पार टोकाला, उताराखाली, खांबावर साखळ्या लावलेली एक लोखंडी टोपली. अलीकडे सिमेंटचा ओटा. ओट्यावर अडुसष्ट वर्षांच्या एक बाई, पायात पुरुषी बूट, हातात ताटलीएवढी प्लास्टिकची चकती. या माझ्या वन्सं, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी रंगमंचावर चाळीस वर्षं राण्या केल्या, पण असं उभं राहायला मला दिग्दर्शकाच्या शिव्या खाव्या लागायच्या. यांना ते फुकटात मिळालं होतं.

खेळ सोपा आहे, म्हणजे सांगायला. ओट्यावरून चकती फेकायची, जिथे पडेल तिथून पुढे फेकायची, शेवटी टोपलीत पाडायची. अशा अठरा टोपल्या. फेकी जितक्या कमी तितकं चांगलं. मोकळ्या मैदानात हा पोरखेळ. या रानात मात्र चकती खोडावर आपटून फेकणाऱ्याच्याच पायाशी परत येते, वर हसल्यासारखी गिरकी घेते.

वन्सं एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. हे रान म्हणजे त्यांचा शेवटचा थांबा. गाडी पंधरा मिनिटं उभी राहायची, तेवढ्यात त्या पायरीवर बसून डबा खायच्या आणि खेळणाऱ्यांची फजिती बघायच्या. एकदा एक चकती भरकटून गाडीच्या पत्र्यावर आदळली. वन्संनी तोंडातला घास न गिळताच ती उचलून झाडांमधून भिरकावली, ती थेट चकतीच्या मालकाच्या पोटावर. तो कळवळला. वन्सं म्हणाल्या, "एवढी जागा आहे मधे, आणि तुम्हाला दिसत नाही?" भरल्या गाडीत जागा शोधणं हाच त्यांचा धंदा. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्या रानात हजर झाल्या, ते आजतागायत.

मागच्या वर्षी अकराव्या टोपलीच्या उतारावर झाडाच्या मुळात पाय अडकून पडल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर असेपर्यंत माझ्या घरी होत्या. डाव्या हाताने बोळातून धुण्याच्या टोपलीत चकत्या फेकायच्या. माझी बक्षिसाची फुलदाणी त्यातच गेली. "वहिनी, ती मधे उभी होती," एवढाच शोक.

प्लास्टर निघालं आणि या खेळाच्या क्लबने ठरवलं की पासष्टीच्या पुढच्यांनी जवळच्या ओट्यावरून खेळायचं. जवळचा ओटा झाडी ओलांडल्यावर येतो. तिथून टोपली समोर, आड काही नाही. हे सांगायला आला क्लबचा सचिव, म्हणजे अकरा वर्षं त्यांच्याच गाडीवर असलेला ड्रायव्हर.

"बाई, काळजीपोटी सांगतोय."

"माझ्या बेलवर गाडी चालवायचास तू. एक बेल, थांब. डबल बेल, नीघ. आता बेलची दोरी तुझ्या हातात कुणी दिली?"

"समितीने."

"तुझ्या समितीने कधी उभ्याने प्रवास केलाय?"

"अहो, पुन्हा पडलात तर?"

"तर उठेन. मागच्या वेळी काय तिथेच राहिले होते?"

मी चहा ओतत होते. इतका सुंदर प्रवेश मला आयुष्यात मिळाला नव्हता, म्हणून मधे बोलले नाही. शेवटी तोडगा निघाला. रविवारी सकाळी वन्संनी लांबच्या ओट्यांवरून अठराही टोपल्या सत्तर फेकींत संपवायच्या. जमलं तर लांबच्या ओट्याच्या यादीत नाव राहणार, नाही तर जवळचा ओटा, कायमचा. ड्रायव्हर फेकी लिहिणार, मी पाण्याची बाटली धरणार.

दहा टोपल्या झकास गेल्या. मग अकरावी, जिथे आपला पडदा उघडला होता. पहिली फेक खोडावर आपटून काटेरी झुडपात घुसली.

"बाई, एक फेक दंड घ्या आणि बाहेरून खेळा," ड्रायव्हर म्हणाला.

"जिथे पडली तिथून," वन्सं म्हणाल्या आणि गुडघे टेकून झुडपात शिरल्या. फांद्यांखालून चकती सुटली, गवत चाटत उताराला लागली आणि टोपलीला वळसा घालून ओढ्याकडे घरंगळली. वन्सं एकेका झाडाला धरत खाली गेल्या. हातावर रक्ताची रेघ होती. ड्रायव्हरचे गुडघे गेलेले, तो आणि मी वरच.

"बाई, काठावर की पाण्यात?" तो ओरडला.

वन्सं वाकल्या.

"पाण्यात. दंडाची एक वाढव."

"नीट बघा! मला इथून दिसत नाहीये. मी काठावर लिहितो."

"एकतीस वर्षं कुणाला विनातिकीट नेलं नाही, आता स्वतःला नेऊ? लिही म्हणते ना!"

त्याने लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं, इतकं दाबून लिहिलं. समितीने माणूस चुकीचा पाठवला होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तो मनातून हरायला आला होता.

अठराव्या टोपलीपाशी आलो तेव्हा एकोणसत्तर झाल्या होत्या. वीस पावलं अंतर, मधे दोन खोडं, हातात एक फेक. वन्संनी मनगट चोळलं आणि फेकली. चकती दोन्ही खोडांमधून सुईत दोरा जावा तशी गेली, टोपलीच्या काठावर टणकन आदळली आणि बाहेर पडली. सत्तर. त्या चालत गेल्या, चकती उचलली, जवळून आत टाकली. साखळ्या खळखळल्या.

ड्रायव्हरने टोपी काढली. कागदाकडे बराच वेळ बघत राहिला, जणू आकडा स्वतःहून बदलेल.

"एकाहत्तर," तो म्हणाला. "एक बेल झाली, बाई. थांबायचं आता."

वन्संनी पिशवीतून दुसरी चकती काढली. मोजून वीस पावलं मागे गेल्या, त्याच जागी उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे न बघता फेकली. दोन खोडांमधून, काठाला न शिवता, थेट साखळ्यांत. रानभर आवाज घुमला.

पिशवी खांद्याला अडकवत त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "यादीत नाव जवळच्या ओट्याला लिही. पण आता डबल बेल. चल, लांबच्या ओट्याकडे."