श्रावणीचा डावा डोळा

“मॅडम, नुसती सही पाहिजे की. चष्म्याचा नंबर गेला म्हणून लिहून द्या. बाकी काय नको.”

व्यंकटेश माझ्या टेबलासमोर उभाच होता. बसा म्हटलं तरी बसला नाही. तो टॉवेलच्या कारखान्यात लूम चालवतो. शिफ्ट सुटल्यावर तसाच आला होता, केसांत सुताची पांढरी कुसं घेऊन. मागे त्याची मुलगी श्रावणी. पाचवीतली. अंगावर गणवेश, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. नाकावर चष्मा नव्हता.

“सही कशाला?” मी विचारलं.

“शाळेत गॅदरिंग आहे. हिला स्टेजवर बोलावणार आहेत. चष्मा सुटलेली पोरगी म्हणून. डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं तर बरं दिसतंय, असं सर म्हणाले.”

“आणि चष्मा सुटला कशानं?”

“तिसरा डोळा उघडला की हिचा! पुण्याचे सर येतात शाळेत, ते शिकवतात.” व्यंकटेश म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. मुलगी जमिनीकडे बघत होती.

मी सोलापुरात डोळ्यांची डॉक्टर आहे. भवानी पेठेजवळ माझा छोटा दवाखाना आहे. श्रावणी माझी जुनी पेशंट. तिच्या शाळेत मी दरवर्षी लहान वर्गांसाठी फुकट नेत्रतपासणी शिबिर घ्यायचे. त्यात ती दुसरीत असताना सापडली. सापडली असंच म्हणते, कारण हा आजार बाहेरून दिसत नाही. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, तिरळाही असतोच असं नाही. आईबापांना कळायला काही मार्गच नसतो.

याला आम्ही लेझी आय म्हणतो, म्हणजे आळशी डोळा. नाव चुकीचं आहे. डोळा बिचारा आळशी नसतो. मूल जन्मतं तेव्हा त्याला नीट बघता येत नाही, मेंदू हळूहळू बघायला शिकतो. एका डोळ्याला मोठा नंबर असेल तर त्या डोळ्याकडून पुसट चित्र येतं. मेंदू म्हणतो, मला दुसऱ्याकडून चांगलं मिळतंय, तुझं नको. मग त्या डोळ्याचं बघायला शिकणं तिथंच थांबतं. श्रावणीच्या डाव्या डोळ्याचं असं झालं होतं. उपचार स्वस्त आणि कंटाळवाणा आहे. योग्य नंबरचा चष्मा लावायचा आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पॅच चिकटवायचा. चांगला डोळा बंद म्हटल्यावर मेंदूला झक मारत कमजोर डोळ्याकडून काम घ्यावं लागतं. पण हे सगळं लहान वयात करायचं. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू ऐकतो. पुढे दरवर्षी कमी ऐकतो आणि मग ऐकतच नाही.

श्रावणीचं चांगलं चाललं होतं. सुरुवातीला डाव्या डोळ्यानं तिला तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षरच दिसायचं. वर्षभरात ती बऱ्याच ओळी खाली उतरली होती. तिची आई पद्मा, तिच्या भाषेत अम्मा, घरी विड्या वळते. स्वतः वळता वळता मुलीला पॅच लावून समोर बसवायची आणि तिच्याकडून पानं मोजून घ्यायची. मला फार कौतुक वाटायचं. चौथीत गेल्यावर मात्र ती यायची बंद झाली. फोन केला की “येतो की मॅडम” एवढंच उत्तर. आणि आता बाप सही मागायला आला होता.

मी श्रावणीला तक्त्यासमोर बसवलं. उजव्या डोळ्यावर पॅच चिकटवला. हातानं डोळा झाक, असं आम्ही मुलांना कधीच सांगत नाही. मुलं बोटांच्या फटीतून बघतात. त्यात लबाडी नसते. दिसावं म्हणून माणूस धडपडतोच. म्हणून नाकाच्या बाजूनं पॅच नीट दाबून बसवायचा, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण.

“वाच बाळा.”

तिनं वरचं मोठं अक्षर वाचलं. खालच्या ओळीवर थांबली. मान वाकडी केली, डोळा बारीक केला. पुढचं अक्षर येईना. कमावलेलं सगळं गेलं होतं.

“व्यंकटेश, हा डोळा परत होता तिथं गेलाय. पॅच कधीपासून बंद आहे?”

“पण मॅडम, ती डोळं बांधून वाचते की! पेपर वाचते, रंग ओळखते. मी बघितलंय ना. थांबा, दाखवतो.”

त्यानं खिशातून काळी पट्टी काढली. शाळेतूनच मिळालेली होती. पॅच काढून त्यानं ती तिच्या डोळ्यांवर बांधली आणि बाहेरच्या बाकावरचं वर्तमानपत्र आणून तिच्या मांडीवर ठेवलं. श्रावणीनं हनुवटी थोडी वर उचलली, कागदावरून बोटं फिरवली आणि हेडिंगखालची बारीक बातमी वाचली. एकही चूक न करता.

“बघितलंत?” व्यंकटेश म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याची चीड येत होती आणि कीवही येत होती.

माणसाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना खळगा असतो. सपाट पट्टी तिथं कधीच चिकटून बसत नाही. खाली बघितलं की मांडीवरचा कागद स्वच्छ दिसतो. कुणालाही. घरी बांधून बघा. मी पुढे झाले. पट्टी सोडली, उजव्या डोळ्यावर पॅच परत दाबून लावला आणि वरून तीच पट्टी, तशीच बांधली.

“आता वाच.”

तिची बोटं कागदावर फिरत राहिली. नुसत्या डाव्या डोळ्यानं ती काहीच वाचू शकली नाही.

व्यंकटेशनं वर्तमानपत्र उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाला, “इथं मशिनी लई आहेत ना. पुण्याचे सर म्हणाले होते, मशिनीजवळ ती शक्ती चालत नाही.”

मी त्याला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. दार लावलं. पट्टी आणि पॅच दोन्ही काढले. श्रावणीच्या गालावर पॅचचा गोंद राहिला होता, तो पुसत मी विचारलं, “खालच्या फटीतून बघतेस ना?”

ती रडायला लागली. आवाज न करता. बाहेर बापाला ऐकू जाऊ नये म्हणून.

“मॅडम, माझाच न्हाई उघडला. वर्गात सगळ्यांचा उघडला. रेहानचा उघडला, तन्वीचा उघडला. मी एकटीच फटीतनं बघते. पप्पांना नका सांगू. अम्मानं पेढे वाटलेत.”

मी इतकी वर्षं प्रॅक्टिस करते आहे. पण असं कधी ऐकलं नव्हतं; नाही सांगणार, असा शब्द मी तिला दिला. त्या वर्गातलं प्रत्येक पोर फटीतून बघत होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांना खरंच दिसतंय, खोटारडं मीच. वर्षभर ही लेकरं मनातल्या मनात स्वतःला चोर समजत टाळ्या घेत होती.

व्यंकटेशला मी फटीचं सांगितलं नाही. तिला शब्द दिला होता. एवढंच म्हणाले की डावा डोळा जातोय, चष्मा आणि पॅच आजपासून पुन्हा सुरू, आणि सही मिळणार नाही. तो म्हणाला, “सरांना विचारून सांगतो.” मी म्हटलं, “शाळेत मीच विचारते.”

दुसऱ्या दिवशी ओपीडी आटपून मी शाळेत गेले. मुख्याध्यापक ओळखीचे. फिजिक्सचे एमएस्सी. शिबिराच्या वेळी स्वतः उभं राहून मुलांच्या रांगा लावायचे. त्यांनी चहा मागवला आणि मी न विचारताच मूल्यशिक्षणाचं छापील पुस्तक पुढे केलं. संस्थेनं स्वतः छापून घेतलेलं. ‘दिव्यदृष्टी’ हा पाठ होता. पहिलंच वाक्य होतं की प्रत्येक मुलाच्या कपाळात तिसरा डोळा असतो, त्याला उजेड लागत नाही, आणि तो उघडला की चष्म्याची गरज उरत नाही. खाली स्वाध्याय. रिकाम्या जागा भरा.

“सर, दुसऱ्या तासाला तुम्ही शिकवता की उजेड डोळ्यात शिरल्याशिवाय दिसत नाही. पाचव्या तासाला शिकवता उजेड लागतच नाही. पोरांनी कुठलं धरायचं?”

“दोन्हीचे पेपर वेगळे असतात, मॅडम.”

ते विनोद करत नव्हते.

“तुम्हाला हे पटतं?”

“माझ्या पटण्याचा प्रश्न कुठं येतो? संस्थेचा निर्णय आहे. पुण्याहून सर येतात, पालकांची मागणी आहे. आणि श्रद्धेचा विषय आहे. तुम्ही शिकलेली माणसं लगेच तुटून पडता.”

“मीही सिद्धेश्वराला हात जोडते. माझ्या घरी रोज पूजा होते. पण देवानं अजून कुणाला चष्मा काढ म्हणून सांगितलेलं नाही. ही श्रद्धा असेल तर काही लोक असं मानतात, असं शिकवा. माझी ना नाही. तुम्ही मुलांना मार्क देऊन सांगताय की हे असंच आहे. त्यापायी एका मुलीचा डोळा जातोय.”

“जातोय म्हणजे? दिसतंय की तिला. वर्गात वाचते.”

मी पर्समधून पॅचचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. “सगळ्या वर्गाला पट्टीच्या आत हे लावू. दोन्ही डोळ्यांवर. एकानं जरी वाचलं, तर मी सर्टिफिकेट देते. एकट्या श्रावणीला नाही, सगळ्यांना.”

त्यांनी पाकीट हळूच माझ्याकडे परत सरकवलं. त्यांना माहीत होतं. त्या क्षणी माझी खात्री पटली की या माणसाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. फिजिक्स शिकलेल्या माणसाला फट समजत नाही होय? शिपायालासुद्धा समजते.

“हे नको, मॅडम,” ते हळू आवाजात म्हणाले. “लेकरांचा हिरमोड होईल. पालक चिडतील. माझी रिटायरमेंट जवळ आलीये.”

“आणि श्रावणी?”

“तिच्या वडिलांना सांगतो की चष्मा लावा. चष्मा लावल्यानं शक्ती कमी होत नाही, असं सरांकडूनच वदवून घेतो. झालं?”

चहा निवत होता. मी उठले. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, “यंदा शिबिराचं जरा थांबू या. कार्यक्रमांची गर्दी आहे.” ते शिबिर पुन्हा कधी झालं नाही. त्या शाळेत दुसरीच्या वर्गात आज किती श्रावणी बसल्या आहेत, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मी शिक्षण खात्यात जाऊन आले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “पालकाची तक्रार आहे का?” पालक पेढे वाटत होते. तक्रार कोण करणार?

गॅदरिंगला श्रावणीनं स्टेजवर पेपर वाचला. सर्टिफिकेटाशिवायच. टाळ्या पडल्या म्हणे.

पुढे एक दिवस पद्मा एकटीच आली; तोवर पॅच बंदच होता. तिला लेकीनं घरी सगळं सांगितलं होतं. ती टेबलाशी उभी राहून म्हणाली, “मॅडम, मी तर अंगठाछाप हाय. शाळंत सांगतात ते खरंच असंल की, असं वाटलं. शाळंत खोटं कशाला सांगतील?” मी तिला बसवलं आणि पॅचचं नवं पाकीट पुढे केलं. आम्ही पॅच पुन्हा सुरू केला. पद्मानं जिवाचं रान केलं. मुलीनंही कुरकूर केली नाही. डोळा एक ओळ खाली सरकला आणि तिथंच अडकला. वय निघून गेलं होतं. मी आणखी काही महिने ओढून बघितलं, मग पॅच बंद केला. पद्माला ते मीच समोर बसवून सांगितलं.

श्रावणी आता आठवीत आहे. गेल्या महिन्यात तपासणीला आली होती. डावा डोळा तसाच आहे आणि तसाच राहणार. मी तिला नेहमीसारखं समजावलं. आता कामाचा डोळा एकच, उजवा. त्याला काही लागलं तर दुसरा आधार नाही. म्हणून न फुटणाऱ्या काचेचा चष्मा दिवसभर घालायचा. खेळताना, लूमजवळ, दिवाळीत फटाक्यांजवळ तर हमखास.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “मॅडम, हे खरंच असतंय, की सांगायचं म्हणून?”

“म्हणजे काय?”

“शाळेत सांगतात तसं. सायन्सच्या मॅडम पण लई काय काय सांगतात. अणू असतोय, आपली पृथ्वी फिरतीय. मी लिहिते सगळं. मार्क मिळतात. तिसऱ्या डोळ्याला पण मिळाले होते की.”

पद्मानं तिला दटावलं. मी म्हणाले, हे खरं आहे, अगदी खरं आहे. आणखी बरंच बोलले. मॉडेल काढून दाखवलं, डोळ्याच्या आतले फोटो दाखवले. तिनं मान डोलावली. “घालते, मॅडम,” म्हणाली. उद्धटपणा अजिबात नव्हता. ती मला बरं वाटावं म्हणून हो म्हणत होती, एवढंच.

खिडकीतून मी बघत होते. रिक्षात बसताना तिनं चष्मा काढला आणि डबीत घातला.

मुलांना खोटं शिकवलं की ती खोट्यावर विश्वास ठेवतात, असं मला वाटायचं. तसं होत नाही. एक दिवस त्यांना ते खोटं कळतं. मग ती खरं सांगणाऱ्यावरही विश्वास ठेवत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.