धुळे, सुरत, कल्याण... आणि आमची विहीर

मागच्या शुक्रवारी सकाळी मी गाडीच्या डिकीत आमच्या विहिरीच्या पाण्याचे कॅन ठेवत होतो. इगतपुरीला निघालो होतो, आमच्या पल्लवीच्या डोहाळजेवणाला. द्वारका चौकातला ट्रॅफिक वाढायच्या आत नाशिक ओलांडायचं म्हणून बायकोच्या मागे माझी घाई चाललेली...

आता पाण्याचे कॅन कशाला? तर पोरीला डोहाळा लागला माहेरच्या विहिरीच्या पाण्याचा! कुणाला चिंच लागते, कुणाला कैरी... आमच्या लेकीचं सगळं निराळंच. म्हणे, पप्पा, इथलं पाणी घशाखाली उतरत नाही.

पण खरं सांगू? मला भारी वाटलं होतं. आमचा झेंडूचा आणि भाजीपाल्याचा मळा, आणि त्यातली ती विहीर म्हणजे आमच्या खानदानाची शान. नातेवाइकांत कुणीही आजारी पडलं की डॉक्टर नंतर, आधी विहिरीचं पाणी पोचतं करायचं, ही आमच्याकडची रीतच आहे.

मध्ये पुतण्याचं लग्न मळ्यातच झालं. त्यानंतर काही आठवड्यांनी धुळ्याच्या माझ्या ताईला कावीळ झाली. सुरतच्या मामेभावाला झाली, कल्याणच्या साडूंनाही झाली. ताईने उसाच्या रसाला नावं ठेवली, मामेभावाने पाणीपुरीवाल्याला शिव्या घातल्या. आणि आम्ही? "शहरातलं पाणी, दुसरं काय!" असं म्हणून ताईला एसटीने विहिरीच्या पाण्याचा कॅन पाठवून दिला.

तर... डिकी लावली आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. जिल्ह्याच्या साथरोग विभागातून डॉक्टर बोलतेय म्हणाली एक मुलगी, आणि विचारते काय... "काका, तुमच्या मळ्यात मध्ये लग्न झालं ना? प्यायला पाणी कुठलं होतं?"

मी मनात म्हटलं, झालं, आता ही ओटीपी मागणार. ठेवणारच होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "फोन ठेवू नका काका. आधी एवढंच सांगा... घरात कुणी गरोदर आहे का?"

कसंबसं म्हटलं, लेक आहे, पण इगतपुरीला असते, लग्नाला आली नव्हती. आणि पाणी विहिरीचं... ते आत्ता तिच्यासाठीच डिकीत भरलंय, मॅडम.

मग म्हणाली, "ते डिकीतच राहू द्या. मी येते."

तासाभरात जीप आली. मॅडम वयाने आमच्या पल्लवीएवढ्याच. आधी विहीर बघितली, मग विहिरीपासून हाकेच्या अंतरावरचा तो खड्डा... लग्नातल्या पाहुण्यांची सोय म्हणून आम्हीच हौसेने बांधलेल्या संडासांचा. वहिनीला, म्हणजे नवरदेवाच्या आईला, तेव्हापासून जेवण जात नव्हतं. आम्ही समजत होतो, लग्नाचा शीण आहे.

मॅडम म्हणाल्या, मैला मिसळलेल्या पाण्यातून होणारी ही कावीळ बहुतेकांना काही आठवडे झोपवते आणि सोडते. पण शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. माझी बायको जाऊन गाडीची किल्लीच काढून घेऊन आली.

मला मात्र एक कळेना. धुळं कुठे, सुरत कुठे, यांना आमची विहीर सापडली कशी?

मग त्यांनी ओट्यावर लॅपटॉप उघडून नकाशा दाखवला. देशात कुठे डेंग्यू, कुठे गोवर, कुठे कावीळ... दवाखान्यांतून कळवलेला एकेक पेशंट म्हणजे एकेक ठिपका, जिल्ह्याजिल्ह्यात मांडलेला. मी नुसता आ वासून बघत राहिलो. आपण चुलतभावाच्या घरी कोण आजारी आहे विचारत नाही, आणि इथे कुणीतरी रोज सगळ्या देशाच्या कपाळाला हात लावून ताप बघतंय!

सुरतसारख्या शहरात काविळीचा एक पेशंट म्हणजे काहीच नाही हो. पण तिन्ही ठिकाणी कुणीतरी तोच प्रश्न विचारला होता... मधल्या काळात बाहेरगावी कुठे गेला होतात? तिघांचं उत्तर एकच, नाशिकला, लग्नाला. प्रश्न विचारणारी ही माणसं एकमेकांना कधी भेटलेलीही नाहीत. प्रत्येकाने आपल्याकडचं कळवलं, आणि सगळं येऊन पोचलं आमच्या विहिरीच्या काठावर.

ताईला लगेच फोन लावला, आधी ते पाणी ओतून टाक! तर ती म्हणते, "अगं बाई, मी तर त्याच पाण्याने बरी झाले म्हणून आख्ख्या गल्लीत सांगत सुटलेय!" एवढ्या धास्तीतही हसू आलं.

बायकोने डिकीतला एकेक कॅन स्वतः उचलून खड्ड्यात रिकामा केला. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "हात लावू नका." तोंडाने बडबडत होती आणि डोळ्यांना धार लागलेली.

इगतपुरीला पोचायला दुपार उलटली. पल्लवी हिरव्या साडीत, फुलांचे दागिने घालून दारातच उभी. म्हणाली, "पप्पा, पाणी?" पोरीला जवळ घेतलं आणि भर पाहुण्यांत रडलो. बायका म्हणाल्या, बापाचं काळीज आहे, रडू द्या.

काल रिपोर्ट आला. पाण्यात मैला मिसळलेला आहे, विहीर बंद. तो खड्डा आम्ही उपसून बुजवला. पल्लवीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत.

धुळ्यात, सुरतेत, कल्याणला ज्यांनी तो साधा प्रश्न विचारला, त्यांची नावं मला माहीत नाहीत. त्यांनाही माझी लेक माहीत नाही. पण त्या दिवशी निघता निघता मी मॅडमना म्हटलं होतं, नकाशावर इगतपुरी दाखवा. त्यांनी बोट ठेवलं. तिथे या काविळीचा एकही ठिपका नव्हता... त्या कोऱ्या जागेत माझी पोर आहे, आणि तिच्या पोटातलं बाळ.