सासूबाईंनी आणलेली चिप

आज सकाळी संग्रह पुसून ठेवताना एक लाल चकती हातात आली आणि सासूबाईंची गोव्याची सहल आठवली. कॅसिनोत पैशांऐवजी वापरतात त्या रंगीत चिप्स मी जमवतो. खेळलो मात्र कधीच नाही. सासूबाईंना हे पटत नसे. त्यांच्या वडिलांनी पत्त्यांपायी राहतं घर घालवलं होतं, त्यामुळे खडकीच्या त्यांच्या घरात पत्त्यांचा कॅटसुद्धा नव्हता. माझा संग्रह पाहून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "लोक तिकिटं जमवतात." पुढे भजनी मंडळाबरोबर त्या गोव्याला गेल्या आणि परतल्यावर थेट आमच्याकडे आल्या. पिशवीतल्या काजूंचा खमंग वास घरभर पसरला होता. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि ही चिप माझ्यापुढे ठेवली. "तुम्ही आत गेलात?" मी विचारलं. "गेले. दारावरचा माणूस म्हणाला, माताजी, मंदिर उधर है. म्हटलं, तिकडूनच आले." "आणि आत?" "ही घेतली आणि बाहेर आले. इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही." ज्या गोष्टीची त्यांना जन्मभर धास्ती वाटली, तिच्या दारात त्या माझ्या छंदासाठी एकट्या गेल्या होत्या. मी नुसता चहा टाकायला उठलो. तेव्हा राहून गेलेले आभार मघाशी फोन करून मानले, तर म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी सुचलं? बरं, जेवायला या."